पोचा पडलेल्या प्याल्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना तांब्याचा प्याला आहे. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातला. प्रभुभोजनाच्या वेळी ज्यातला द्राक्षरस सगळी मंडळी पाळीपाळीने पितात, तो. माझ्या काठाला एक पोचा आहे आणि तो कसा पडला हे सांगितल्याशिवाय मी आज गप्प बसणार नाही.

मित्रांनो, जुनी छत्री, जुना फळा, जुनं झाड यांनी तुम्हाला आपापल्या कहाण्या सांगितल्या असतील. ती सगळी बिचारी सोशीक. मी तसा नाही. मी माणसांना वैतागलो आहे. वैतागलेल्यांनीही कधीतरी तोंड उघडावं की.

मला एका तांबटाने घडवलं. तो जन्मभर हंडे आणि पातेली ठोकत आलेला. असलं उंच मानेचं भांडं त्याने आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे माझी मान जराशी कललेली आहे. त्याच्या नजरेला ती सरळच वाटली. पहिल्या पाळकांनी, म्हणजे मंदिराच्या धर्मगुरूंनी, मला उंच धरून मंडळीला दाखवलं आणि म्हणाले, "जरा वाकडा आहे, पण आपल्यात सरळ कोण आहे?" सगळे हसले. हसले आणि विसरले. प्रवचनातलं जे हसू येण्यासारखं असतं ते माणसं फार लवकर विसरतात, हा माझा अनुभव.

तांब्याची एक खोड आहे. आंबट काही त्यात ठेवलं की ते कळकतं आणि पिणाऱ्याला मळमळतं. द्राक्षरस तर आंबटच. म्हणून मला आतून कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो बाहेरून कुणाला दिसत नाही, पण ओठाला लागतो तो तोच. वापरता वापरता तो झिजतो. मग पुन्हा निखाऱ्यावर बसायचं, पुन्हा भाजून घ्यायचं, पुन्हा कथील. एकदा केली आणि जन्माची झाली, असं कल्हईचं नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मोठ्या माणसांना सांगून उपयोग झाला नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

आमच्या मंडळीतच एक कल्हईवाला होता. रस्त्याच्या वळणावर भाता घेऊन बसायचा. त्याची एक रीत होती आणि ती सगळ्या गावाला पाठ होती. भांडं परत देताना तो त्यात पाणी भरायचा. गिऱ्हाइकासमोर आधी स्वतः एक घोट प्यायचा, मग तेच भांडं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि त्यालाही प्यायला लावायचा. "मी प्यायलो नाही तर तुम्ही का प्यावं?" म्हणायचा. "आणि तुम्ही प्यायला नाहीत, तर काम पटलं हे मला कसं कळायचं?" कुणी घाईत असलं, कुणी तहान नाही म्हणालं, तरी सुटका नसे. पाळकही सुटले नाहीत. मला न्यायला यायचे तेव्हा भर रस्त्यात उभं राहून मुकाट्याने प्यायचे.

आता माझं काम सांगतो. वेदीपुढे एक लाकडी कठडा आहे. मंडळी तिथे रांगेने गुडघे टेकतात. पाळक मला एकाच्या ओठाला लावतात, पांढऱ्या फडक्याने काठ पुसतात, मला थोडं फिरवतात आणि पुढच्याला देतात. पुसायचं, फिरवायचं, द्यायचं. माणसांचे चेहरे सगळेच पाहतात, मी ओठ पाहिले. पानाने रंगलेले, तापाने सुकलेले, नुकतेच भांडून आलेले. दाईचे, मास्तरांचे, नव्या नवरीचे थरथरणारे. पण सगळ्यांत जास्त ओठ होते काचकारखान्यातल्या माणसांचे. राठ, कोपऱ्याला घट्टे पडलेले. कारण ती माणसं तोंडाने काच फुंकायची. लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतला तापलेला गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकर घालून बाटली फुगवायची. मोठी बाटली एकाच्या दमात होत नाही. एकाने अर्धी फुंकली की नळी दुसऱ्याच्या तोंडात. मध्ये पुसायला वेळ नसतो, काच थांबत नाही.

अशाच एका नळीवर दोघांची जोडी होती. एकाला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्यालाही मागे टाकायचा. दुसरा म्हणजे त्या कल्हईवाल्याचा मुलगा. बापाचा धंदा सोडून तो कारखान्यात लागला होता. वर्षानुवर्षं हे दोघं एकाच नळीला तोंड लावत आले. रविवारी कठड्यापाशीही शेजारी शेजारी. हे लक्षात ठेवा. मला पुढे याच गोष्टीचा संताप आला.

मग वाईट दिवस आले. भट्टीपाशी एका कामगाराचा डोळा गेला. मालक म्हणाला, त्याचंच लक्ष नव्हतं. कामगारांनी संप केला. पुढारी भोंगा. मित्रांनो, संप बरोबर होता. मी तांब्याचा तुकडा आहे, मला कुणाची भीड नाही. बरोबर होता म्हणजे बरोबर होता. घराघरांतल्या चुली मंदावल्या, तरी माणसं फाटकाबाहेर बसून राहिली.

आणि कल्हईवाल्याचा मुलगा एका सकाळी मागची भिंत चढून आत गेला. कामावर.

त्याचं नाव त्या दिवसापासून उड्या पडलं. मीही तेच वापरतो, कारण पुढे त्याला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारलीच नाही. आता तुम्हाला वाटेल, हा प्याला सांगणार की त्याची मुलगी आजारी होती, बायको दवाखान्यात होती. नाही. कुणी आजारी नव्हतं. त्याला भीती वाटली. इतकंच. आणखी काही माणसंही तशीच आत गेली, पण ती परगावची होती. आपला असा हा एकटाच.

संप मोडला. मालकाने थोडे दिवस भट्टी ओढली, मग कारखान्याला कुलूप लावलं आणि निघून गेला. भिंतीबाहेर बसलेले आणि भिंतीवरून गेलेले, सगळे एकसारखे रिकामे झाले. राग कुणावर तरी काढायचा होता. मालक लांब. उड्या जवळ. गुडघा टेकला की अगदी कोपराला कोपर लागेल इतका जवळ.

त्यानंतरचा पहिला प्रभुभोजनाचा रविवार. उड्या नेहमीच्या जागी टेकला. शेजारची भोंग्याची जागा. भोंगा उशिरा आला, जागा तेवढीच उरलेली, टेकला. पाळकांनी मला उड्याच्या ओठाला लावलं. तो प्यायला. पाळकांनी पुसलं, फिरवलं, भोंग्यापुढे धरलं.

"हा नको," भोंगा म्हणाला.

"अहो, हळू..." पाळक कुजबुजले. आमचे आताचे पाळक फार सज्जन आणि फार घाबरट.

"दुसऱ्यातून द्या. याचं उष्टं मी तोंडाला लावणार नाही."

"दुसरा नाही हो. हा एकच आहे. सगळ्यांचा."

"सगळ्यांचा असेल. याचा नाही."

पाळकांनी मला तसंच आणखी थोडं पुढे केलं. भोंग्याने हाताच्या उलट्या बाजूने मला झटकलं. मी पायरीच्या दगडावर आपटलो. ठण्ण! तो आवाज छतापर्यंत गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. द्राक्षरस पाळकांच्या पांढऱ्या झग्यावर. माझ्या काठाला हा पोचा.

बायकांच्या बाजूला भोंग्याची आई बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "लाज कशी वाटत नाही?" कुणाला म्हणाली, ते प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं. उड्या उठला, चपला हातात घेऊनच बाहेर गेला.

तुम्ही म्हणाल, मग पाळकांनी भोंग्याला खडसावलं असेल, मंडळीने समजावलं असेल. छे! पंचांची सभा भरली. सेक्रेटरी म्हणजे भलते गोड माणूस. त्यांनी ना भोंग्याचं नाव घेतलं, ना उड्याचं.

"आरोग्याच्या दृष्टीने विचार केला तर," ते म्हणाले, "एकाच प्याल्याला सर्वांनी तोंड लावणं आजच्या काळात काही बरं नाही."

मी तिथेच टेबलावर होतो. मला हसावं की रडावं कळेना. साथीच्या वर्षी पाळकांनी मला स्वतःच बंद करून ठेवलं होतं. ते शहाणपण होतं, माझी तक्रार नव्हती. साथ सरली तेव्हा हेच सेक्रेटरी सगळ्यांच्या आधी कठड्यापाशी हजर होते. पण आता अचानक सर्वांना जंतू दिसायला लागले. आणि ते सगळे जंतू एकाच माणसाच्या ओठावर.

ठराव झाला. प्रत्येकाला वेगळा, चिमुकला काचेचा पेला. अंगठ्याएवढा. बंद कारखान्याचा माल कुणीतरी स्वस्तात विकत होतं, तिथून ट्रे भरून आणले. आणि मला कपाटात टाकलं. तिथे फाटकी गीतपुस्तकं, पंख्याचा मोडका रेग्युलेटर आणि एक उंदराचा पिंजरा. उंदीर एकदाच सापडला होता. त्याची संगत बाकीच्यांपेक्षा बरी वाटली, निदान आरडाओरडा करून त्याचं म्हणणं तो सांगत तरी होता.

वर्षातून एकदा, मंदिराच्या वाढदिवसाला, मला बाहेर काढत. सेक्रेटरींच्या घरच्या बाई राखेने आणि लिंबाने मला लखलखीत घासत. बाहेरून. मग मखमलीवर ठेवत, पोचा भिंतीकडे करून. "किती जपलाय बघा आपण!" असं पाहुण्यांना सांगत. आत कुणी डोकावत नसे. वापर नाही म्हणजे कल्हई नाही, असा साधा हिशेब. पण त्यांनी घासलेल्या लिंबाचा रस आत उतरायचा, तो कुणी धुवायचं नाही. उरलासुरला थर त्यात गेला. मी आतून हिरवा पडलो. बाहेरून मात्र माझ्यात तोंड पाहावं.

कपाटाच्या दारातून प्रवचन ऐकू यायचं. पाळक कृपेवर बोलायचे. त्या दिवसांत तर सारखे कृपेवरच. गावावर संकट आलं आहे, देवाची कृपा पुरेशी आहे, देवाचं प्रेम लायकी पाहत नाही. छान बोलायचे, आवाजही भरून यायचा. आणि शेवटच्या बाकावर उड्या बसलेला असायचा. दर रविवारी यायचा आणि पेल्यांचा ट्रे फिरायला लागला की उठून जायचा. ट्रे धरणारा तिथपर्यंत येतच नसे, बाक रिकामाच असेल असं धरून वळायचा. मी आतून ओरडत होतो, अहो पाळक, कृपा कृपा काय करता, चार पावलं चालून जा ना! पण प्याल्याचं ओरडणं कोण ऐकतं?

मला एवढंच कळतं, मित्रांनो. मी शिकलेला नाही. लायक माणसांनाच प्यायला द्यायचं असतं तर तांबटाला मला इतकं खोल ठोकायची गरज नव्हती. तळाशी एक थेंब पुरला असता, आणि तोही शिल्लक राहिला असता. मंडळी समजत होती की देवाचं प्रेम म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस, आणि त्याच्या वाटपाची जबाबदारी देवाने पंचांवर सोपवली आहे!

मग भोंग्याची आई आजारी पडली. अंथरुणालाच खिळली. दाईने येऊन पाहिलं आणि भोंग्याला बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं. पाळक तिला प्रभुभोजन द्यायला पिशवीत पेला घेऊन गेले. आणि एका दुपारी कपाटाचं दार उघडलं. पाळक आणि भोंगा. दोघं वैतागलेले. मी म्हटलं, या, माझ्या पंगतीला बसा.

"आई तोंडच उघडत नाही," भोंगा म्हणत होता. "दोनदा पेला पुढे केला, दोनदा तोंड फिरवलं. तुम्ही होतातच."

"मी त्यांना सांगितलं, की भांडं कुठलंही असो, प्रभू तोच..."

"तिला काय ते माहीत नाही? तुमच्यापेक्षा जास्त प्रार्थना झाल्यात तिच्या. पण ऐकेल तर ना! म्हणते, त्या पेल्यात मी एकटीच असते. माझ्याशिवाय त्यात कुणीच नसतं. मला जुना प्याला आणा, नाहीतर तशीच जाऊ द्या."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

पाळकांनी मला उचललं, आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "यातून देता येणार नाही. हिरवा झालाय. विष आहे हे."

"घासून काढू."

"घासून जात नाही हे. कल्हई लागणार."

"मग करून आणतो. त्यात काय?" भोंगा म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खाली गेला. कारण गावात आता कल्हई करणारा एकच उरला होता. कारखाना बंद पडल्यावर उड्याने बापाच्या मागे माळ्यावर पडलेला भाता खाली काढला होता आणि त्याच वळणावर बसत होता.

"मी जाऊ का घेऊन?" पाळकांनी विचारलं. खरंच जाणार होते, त्यांच्या हाताला घाम सुटला होता, पण जाणार होते. हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

भोंगा माझ्या काठाकडे पाहत होता. पोच्याकडे. "नको," तो म्हणाला. "आई माझी आहे."

त्याने मला फडक्यात गुंडाळलं आणि काखेत मारलं. रस्ताभर त्याच्या बरगड्या मला लागत होत्या. माणूस वाळला होता.

वळणावर उड्या कुणाचं तरी पातेलं घासत बसला होता. त्याने मान वर केली, भोंग्याला पाहिलं आणि पुन्हा पातेल्यात घातली.

"कल्हई करायची आहे," भोंगा म्हणाला. हळू आवाजात. भोंग्याच्या तोंडून असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"ठेव तिथे."

भोंग्याने फडकं सोडलं. उड्याचे हात थांबले. त्याने मला ओळखलं होतं.

"कुणासाठी?"

"आईसाठी. ती पेल्यातून घेत नाही. आज-उद्याचं आहे तिचं."

उड्याने पातेलं बाजूला सारलं, मला घेतलं. आधी वाळूने घासून माझा हिरवा काढला, मग निखाऱ्यांवर धरलं, भाता मारला. मित्रांनो, भाजणं काय असतं ते मी वर्णन करत नाही. पण इतक्या वर्षांनी कुणी माझ्या आत हात घातला होता, तेवढ्यावर मी सोसलं. नवसागराची पूड पडली, पांढरा धूर निघाला, भोंग्याला ठसका लागला. मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलं. एका फिरवणीत चंद्र उगवावा तसा मी आतून पांढरा झालो.

"आईने विचारलं होतं का माझं?" उड्याने हात न थांबवता विचारलं.

"नाही."

"खोटं तरी बोलायचंस."

"तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

"हां. तुझ्याकडून तेवढी तरी अपेक्षा होतीच." उड्या कडवट हसला. "ते पेले कुठले आहेत माहीत आहे? ज्यातून तुम्ही सगळे घेता?"

भोंग्याने एक निखारा काडीने आत सारला.

"मोठ्या बाटलीला जोडी लागते. संपात आम्ही आत मोजकेच होतो. म्हणून तेवढे दिवस फक्त छोटे पेले निघाले. आम्हीच फुंकलेत ते. त्यातले किती तरी माझ्याच तोंडचे."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"काचेतला माणूस आहे मी. पहिल्या रविवारी हातात घेतला तेव्हाच ओळखलं. तुझा पेला तळाशी जाड असतो. कायम होता. किती वेळा सांगितलं होतं तुला, शेवटची फुंकर सोडू नकोस."

"आणि तरी घेतलास?"

"मग काय करणार होतो? सगळ्यांसमोर बोललो असतो तर मीच मूर्ख ठरलो असतो." भोंगा खाली उकिडवा बसला. "घेत राहिलो."

हे ऐकून मला इतका संताप आला की मी अजून गरम नसतो तर तिथेच तापलो असतो. म्हणजे मला दगडावर आपटून, कपाटात डांबून, हा माणूस दर प्रभुभोजनाला उड्याच्याच श्वासाने फुगलेल्या काचेतून पीत होता! आणि गावाला वाटत होतं, आपण फार पवित्र वेगळेपण पाळतोय.

उड्याने मला पाण्याच्या बादलीत बुडवलं. चर्र झालं. मग पोच्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "हा काढू? हातोडीच्या दोन टोल्यांचं काम आहे."

"राहू दे," भोंगा म्हणाला.

उड्याने स्वच्छ पाणी घेतलं. माझ्यात भरलं. आणि दोघांच्याही एकदम लक्षात आलं. रीत.

रस्त्यावर माणसं जात-येत होती. दोन बायका पिशव्या घेऊन थांबल्याच. सगळ्या गावाला ती रीत पाठ होती, हे मी सांगितलंच आहे.

"मी नाही पिणार आधी," उड्या पुटपुटला. "घेऊन जा असाच. आईला कशाला उशीर."

म्हणजे तो सोडायला तयार होता. बापाची रीत, स्वतःचा हक्क, सगळं. हेही मला सहन होईना. अरे, किती वेळ एकमेकांना वाट करून देत दूर सरकत राहणार आहात?

"पी," भोंगा म्हणाला.

"कशाला उगाच..."

"अरे पी ना! तुझा बाप पाळकांना सोडत नव्हता, आणि तू मला सोडतोस?"

उड्या प्यायला. एक घोट. मग त्याने खांद्यावरचं फडकं घेतलं, काठ पुसायला.

भोंग्याने त्याच्या हातातून मला काढून घेतलं. न पुसता. नळी घ्यायचा तसा. आणि तोंडाला लावलं. मी त्याचे ओठ ओळखले, तेच घट्टे, तोच राठपणा. घोट मोठा होता.

उड्या खाली पाहत म्हणाला, "मी भिंत चढलो, ते चुकलं माझं."

"चुकलंच," भोंगा म्हणाला. "मला ते कळायचं नाही कधी. मरेपर्यंत नाही." मग माझ्यातलं उरलेलं पाणी त्याने रस्त्यावर ओतलं. "उठ. चल घरी. भाता बंद कर."

मित्रांनो, इथे दोघं गळ्यात पडून रडले असं मी सांगितलं असतं, तर पुस्तकात शोभलं असतं. ते रडले नाहीत. सगळ्या वाटेवर एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालले. रागही तिथल्या तिथे विरघळला नाही. पण निघाले ते एकत्र निघाले. कृपा अशीच येते, असं मला वाटतं. राग संपण्याची वाट पाहत ती दाराबाहेर उभी राहत नाही, तो घरात असतानाच आत येऊन बसते.

म्हातारीच्या खोलीत एक खाट, एक खिडकी आणि औषधाचा वास. पाळक आधीच आले होते. त्यांनी द्राक्षरस माझ्यात ओतला, प्रार्थना केली. या वेळी आवाज भरून आला नाही, साधा राहिला. बरं वाटलं.

म्हातारीने मला पाहिलं. तिच्या नजरेला फारसं दिसत नव्हतं, पण हात पुढे आला. बोटं काठावरून फिरली आणि पोच्यापाशी थांबली.

"नवी कल्हई आहे. वास येतोय," ती म्हणाली. "कुणी केली?"

उड्या दारातच उभा होता, आत की बाहेर ते त्याचं ठरत नव्हतं.

"त्यानेच ना?"

"हो आई," भोंगा म्हणाला.

"रीत पाळली का?"

"पाळली."

"आधी कोण प्यायलं?"

"तो."

"मग?"

भोंग्याने मान फिरवली. "मग मी."

म्हातारीने उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न केला. भोंग्याने मानेखाली हात घातला.

"मग आता मी," ती म्हणाली.

पाळकांनी मला तिच्या ओठाला लावलं. दात नसलेलं तोंड, सपाट काठावरून रस ओघळू लागला. तिने मला स्वतःच्या हाताने थोडं फिरवलं, पोचा ओठापाशी आणला. तिथल्या दबलेल्या खळग्यातून बरोबर जमलं. एक थेंब सांडला नाही.

"इथून बरं पिता येतं," म्हातारी म्हणाली. आणि दाराकडे बोट करून, "तो मेला अजून दारातच आहे का? म्हणावं आत ये, वारा लागतोय मला."

ती दोन दिवसांनी गेली. आता तुम्हाला वाटेल, मंडळी सुधारली. अर्धी सुधारली. अर्धी अजून पेल्यातूनच घेतात आणि त्यांच्यातले काही खरोखर जंतूंच्या भीतीने, त्यांच्याशी माझं भांडण नाही. सेक्रेटरींनी अजून ठरवलेलं नाही, ते दोन्हींतून घेतात. पण मी कपाटाबाहेर आहे. कठड्यापाशी माझी एक रांग असते, आणि तिच्यात उड्या असतो, आणि त्याच्या शेजारी भोंगा. दोघं अजूनही कारखान्यावरून भांडतात, पायऱ्या उतरतानाच सुरू होतं.

शेवटी तुमच्यासाठी, मित्रांनो. एखाद्या जुन्या वस्तूला जपा असं सगळेच सांगतात. मला मखमलीवर ठेवून जपू नका. बाहेरून घासून जपू नका. मला वापरा. आत डोकावून पाहा, थर झिजला असेल तर आगीवर धरा, मी तक्रार करीन, तरी धरा. आणि ज्याच्या शेजारी गुडघा टेकवत नाही तोच शेजारी आला, तर जागा बदलू नका. पोचा आहे त्या बाजूने प्या.